विश्लेषण : रेल्वेचे तिकीट, ट्रॉम्बेचा टीडीसी-१२ आणि ‘मिनीकॉम्प्युटर’ नावाचे विसरलेले यंत्र

मांडव्याच्या जेट्टीवर रो-रोची वाट पाहणारा प्रवासी मोबाइलवरचे तिकीट दाखवतो आणि बोटीत चढतो. भाऊचा धक्का ते मांडवा ही सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली, म्हणजे सगळी यंत्रणाच नव्या जमान्यातली. त्याच मोबाइलवर, गणपतीच्या दोन महिने आधी, सकाळी आठच्या ठोक्याला कोकणात जाणाऱ्या गाडीचे आरक्षण मिळवण्याची धडपड होते. पडदा तोच, बोटही तेच. पण रेल्वेचे तिकीट ज्या यंत्रणेतून येते तिचे मूळ थेट १९७७ सालच्या एका संगणकापर्यंत जाते. रेल्वेमंत्र्यांनी २०२५ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार, सध्याची प्रवासी आरक्षण प्रणाली २०१० मध्ये बसवलेली असून ती ‘आयटेनियम’ सर्व्हर आणि ‘ओपनव्हीएमएस’ या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालते. आता ती बदलून क्लाउडवर नेण्याचे काम सुरू आहे.

ही ओपनव्हीएमएस म्हणजे मिनीकॉम्प्युटरच्या घराण्यातली. एमएस-सीआयटी किंवा स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात ‘संगणकाचे प्रकार : सुपर, मेनफ्रेम, मिनी, मायक्रो’ अशी ओळ आपण सगळ्यांनी पाठ केलेली असते. त्यातला तिसरा प्रकार प्रत्यक्षात कुणी पाहिलेला नसतो. इंजिनीअरिंगच्या वर्गातही तो एका स्लाइडपुरताच येतो. हे यंत्र नेमके काय होते, ते महाराष्ट्रात कुठे कुठे वापरले गेले आणि रेल्वेच्या बदलाशी त्याचा काय संबंध आहे?

‘मिनी’ म्हणजे किती लहान?

आधी एक गोंधळ दूर करू. सध्या ऑनलाइन विकली जाणारी हातात मावेल एवढी ‘मिनी पीसी’ची डबी म्हणजे मिनीकॉम्प्युटर नव्हे. मिनीकॉम्प्युटर ‘मिनी’ होता तो मेनफ्रेमच्या तुलनेत. मेनफ्रेमला आख्खे वातानुकूलित दालन लागायचे, खाली वायरींसाठी उचललेली फरशी, सोबत ऑपरेटरांची फौज. मिनीकॉम्प्युटर एखाद्या गोदरेजच्या कपाटाएवढा किंवा त्याहून लहान असायचा आणि प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात उभा राहायचा.

या प्रकाराला खरी ओळख मिळाली ती अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे ‘डेक’ या कंपनीमुळे. केन ओल्सेन आणि हार्लन अँडरसन यांनी १९५७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या मेनार्ड गावातल्या एका जुन्या लोकरीच्या गिरणीत ती सुरू केली. १९६५ मध्ये तिने पीडीपी-८ बाजारात आणला. किंमत सुमारे १८ हजार डॉलर, त्या वेळच्या दराने साधारण ८५ हजार रुपये. आज ही रक्कम लहान वाटते. पण तेव्हा मेनफ्रेमचे आकडे लाखो डॉलरमध्ये असत. पीडीपी-८ आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्या मिळून सुमारे ५० हजार यंत्रे विकली गेली.

त्याची मूळ स्मृती होती ४०९६ शब्दांची आणि प्रत्येक शब्द १२ बिटांचा. हिशेब केला तर ६ किलोबाइट. व्हॉट्सॲपचे एक साधे स्टिकरही त्यात बसणे कठीण. आणि ही स्मृती चिपमध्ये नव्हती. मोहरीएवढ्या चुंबकीय कड्यांमधून बारीक तारा ओवून ती तयार केलेली असे. मांडव्याशेजारच्या बोडणीत कोळीवाड्याच्या अंगणात जाळे विणताना पाहिले असेल, तर त्या जाळीची कल्पना करता येईल. फरक इतकाच की इथे प्रत्येक गाठीच्या जागी एक कडी आणि प्रत्येक कडीत एक बिट.

‘मिनी’ हे नाव कुठून आले याची एक गोष्ट सांगितली जाते. १९६० च्या दशकात लंडनमध्ये मिनीस्कर्ट आणि ‘मिनी’ मोटार यांची चलती होती. डेकचा ब्रिटनमधला कारभार पाहणाऱ्या जॉन लेंग यांनी मुख्यालयाला पाठवलेल्या विक्रीच्या अहवालात गमतीने मिनीकॉम्प्युटर हा शब्द वापरला आणि तो चिकटला, असे म्हणतात.

आकार नव्हे, मालकी बदलली

माझ्या मते मिनीकॉम्प्युटरची खरी गंमत त्याच्या आकारात नाही. मेनफ्रेमच्या काळात संगणक ‘संस्थेचा’ असे. आपला प्रोग्रॅम पंचकार्डांवर छिद्रे पाडून काउंटरवर द्यायचा, गठ्ठा रांगेत लागायचा आणि उत्तर दुसऱ्या दिवशी यायचे. एका स्वल्पविरामाची चूक असली तर पुन्हा रांगेत. मिनीकॉम्प्युटर मात्र एका विभागाच्या, एका प्रयोगशाळेच्या, एका कारखान्याच्या बजेटमध्ये बसू लागला. समोर बसून टाइप करा, तो लगेच उत्तर देईल. आज आपल्याला यात काहीच नवल वाटत नाही, पण संगणकाशी ‘बोलण्याची’ सवय सर्वदूर पसरली ती इथून.

दुसरा मोठा बदल म्हणजे तो थेट यंत्रांना जोडता येऊ लागला. यासाठी मांडव्याजवळचेच उदाहरण घेऊ. अलिबागची चुंबकीय वेधशाळा १९०४ पासून काम करते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यामुळे कुलाब्याच्या वेधशाळेतल्या नोंदी बिघडणार म्हणून ती खाडीपलीकडे अलिबागला हलवली गेली. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातले बारीक चढउतार तिथे चोवीस तास नोंदवले जातात. जुन्या पद्धतीत फोटोच्या कागदावर रेषा उमटायची आणि माणसे ती मोजून तासातासाचे आकडे काढायची. अशा न थांबणाऱ्या मोजमापासाठी मेनफ्रेमचा उपयोग नव्हता. रांगेत उभे राहायला उपकरणाला सवड नसते. उपकरणाच्या शेजारी बसून, आकडा आला की लगेच टिपणारा आणि गरज पडली तर झडप बंद करणारा संगणक हवा होता. रसायन कारखाने, कापड गिरण्या, टेलिफोन, वर्तमानपत्रांची अक्षरजुळणी, सुरुवातीची सीटी स्कॅन यंत्रे अशी मिनीकॉम्प्युटरच्या वापराची यादी याच गरजेतून वाढत गेली. १९६९ मध्ये इंटरनेटचा पूर्वज असलेले अर्पानेट सुरू झाले, तेव्हा संदेश इकडून तिकडे पोहोचवणारी यंत्रे म्हणजे हनीवेल कंपनीचे डीडीपी-५१६ हे मिनीकॉम्प्युटरच होते. आजच्या राउटरचे ते आजोबा.

समोरच्या किनाऱ्यावर

मांडव्याहून बोट मुंबई बंदरात शिरते, तेव्हा हवा स्वच्छ असेल तर उजव्या हाताला लांबवर ट्रॉम्बेची टेकडी दिसते. भारताच्या मिनीकॉम्प्युटरची सुरुवात तिथली.

मुंबईत त्याआधी संगणक नव्हते असे नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने टिफ्रॅक हा संगणक स्वतः बांधला. त्याचे नामकरण १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. १९६४ मध्ये तिथे सीडीसी-३६०० हा मोठा आयात संगणकही आला. पण हे सगळे गणिती कामाचे होते. ट्रॉम्बेत गरज वेगळी होती. तिथे १९५६ पासून अप्सरा आणि १९६० पासून सायरस या अणुभट्ट्या चालत होत्या. तापमान, दाब, न्यूट्रॉनचे मोजमाप क्षणाक्षणाला पाहणारे यंत्र हवे होते आणि अणुऊर्जेसाठी परदेशातून काय मिळेल याची खात्री कधीच नव्हती.

या गरजेतून १९६९ मध्ये टीडीसी-१२ तयार झाला. टीडीसी म्हणजे ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर. १२ म्हणजे पीडीपी-८ सारखाच १२ बिटांचा शब्द. त्याचे उत्पादन हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाकडे, म्हणजे ईसीआयएलकडे गेले. ही सरकारी कंपनी १९६७ मध्ये अणुऊर्जा खात्याने स्थापन केली होती. पुढे टीडीसी-३१२ आणि १६ बिटांचा टीडीसी-३१६ आला, देशातल्या विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत पोहोचला. जगात या वर्गातले सर्वाधिक गाजलेले यंत्र, डेकचा पीडीपी-११, बाजारात आला १९७० मध्ये. म्हणजे कल्पनेच्या पातळीवर आपण फार मागे नव्हतो. मागे पडलो ते संख्येत. पीडीपी-११ जगभर सुमारे सहा लाख विकले गेले. ईसीआयएलकडे ना तेवढी बाजारपेठ होती, ना सुटे भाग सहज मिळत होते.

आयबीएम गेली आणि अमळनेरची कंपनी आली

शाळेत ऐकलेली गोष्ट अशी असते : जॉर्ज फर्नांडिस यांनी आयबीएमला हाकलले आणि देशी उद्योग उभा राहिला. गोष्ट इतकी सरळ नाही. १९७३ च्या फेरा कायद्याने परदेशी कंपन्यांना भारतातल्या उपकंपनीतला हिस्सा ४० टक्क्यांवर आणायला सांगितले. आयबीएमला शंभर टक्के मालकी सोडायची नव्हती. ती परदेशात जुनी झालेली १४०१ यंत्रे दुरुस्त करून इथे भाड्याने देते, ही तक्रार आधीपासूनच होती. वाटाघाटी वर्षानुवर्षे चालल्या, १९७७ मध्ये जनता सरकार आले आणि १९७८ मध्ये आयबीएम बाहेर पडली. तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीने हाती घेतली. हे नाव लक्षात ठेवा, रेल्वेच्या गोष्टीत ते पुन्हा येणार आहे.

मोकळ्या झालेल्या जागेत खासगी कंपन्या मिनीकॉम्प्युटर बनवू लागल्या : डीसीएम, एचसीएल, बडोद्याची ओआरजी. आणि विप्रो. ही कंपनी १९४५ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेर इथे वनस्पती तूप बनवण्यासाठी सुरू झाली. वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स हे तिचे मूळ नाव. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिने इंटेलच्या ८०८६ या चिपवर आधारलेला मिनीकॉम्प्युटर काढला. तुपाच्या डब्यापासून संगणकापर्यंतची ही उडी आयबीएमच्या रिकाम्या खुर्चीशिवाय शक्य झाली असती का, हा प्रश्न रास्त आहे. पण त्याच धोरणाची दुसरी बाजूही आहे. देशी यंत्रे महाग होती आणि आयातीवर परवान्यांचा फास होता.

पुण्याचे उदाहरण घ्या. नरेंद्र पटणी यांच्या कंपनीकडे अमेरिकेतल्या डेटा जनरल या मिनीकॉम्प्युटर कंपनीचे काम होते. तिथे सॉफ्टवेअर विभाग सांभाळणारे नारायण मूर्ती आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले आणि जुलै १९८१ मध्ये सात जणांनी दहा हजार रुपयांच्या भांडवलावर पुण्यात इन्फोसिसची नोंदणी केली. सॉफ्टवेअर कंपनी, पण स्वतःचा संगणक नाही! त्यामुळे पहिली कामे माणसे अमेरिकेला पाठवून, ग्राहकाच्या यंत्रावर बसून करावी लागली. संगणक आयात करण्यासाठी परवाना मिळवायला दिल्लीच्या किती खेपा घातल्या, हे मूर्ती यांनी पुढे जाहीर भाषणांत अनेकदा सांगितले आहे. शेवटी आला तो डेटा जनरलचा एमव्ही/८०००, ३२ बिटांचा मिनीकॉम्प्युटर. ट्रेसी किडर यांच्या पुलित्झर पुरस्कार मिळवलेल्या ‘द सोल ऑफ अ न्यू मशीन’ या पुस्तकात ज्या यंत्राच्या जन्माची कहाणी आहे, ते हेच. तोवर कंपनीचा मुक्काम बेंगळूरुकडे हलत होता.

फोर्टमधल्या बँकांत अडचण परवान्याची नव्हती, नोकरीची होती. १९६० च्या दशकात एलआयसीत संगणक आणण्याला कर्मचारी संघटनांनी कडवा विरोध केला होता, त्याच्या आठवणी ताज्या होत्या. लेजर लिहिणाऱ्या हजारो हातांचे काय, हा प्रश्न खोटा नव्हता. फोर्टच्या एका पगारावर कोकणातली आख्खी घरे चालत. त्यामुळे १९८३ मध्ये बँक व्यवस्थापन आणि संघटनांमध्ये करार झाला तेव्हा कोणते यंत्र कुठे बसवायचे, हेदेखील ठरवून घेतले गेले. १९८४ च्या रंगराजन समितीच्या शिफारशीत ही उतरंड स्पष्ट दिसते : शाखेत लेजर पोस्टिंग मशीन, विभागीय कार्यालयात मिनीकॉम्प्युटर, मुख्यालयात मेनफ्रेम.

एक बर्थ, दोन खिडक्या

आता रेल्वे. संगणकाआधीचे आरक्षण ज्यांनी केले आहे त्यांना घरी विचारा. प्रत्येक गाडीचे रजिस्टर वेगळे, म्हणून खिडकीही वेगळी. चुकीच्या रांगेत दोन तास उभे राहिलात तर पुन्हा दुसऱ्या रांगेच्या शेपटाला. आणि रजिस्टर एकाच कारकुनाच्या ताब्यात असल्याने, कुठला बर्थ ‘शिल्लक’ आहे हे त्यालाच ठाऊक.

हे काम संगणकावर आणणे वाटते तितके सोपे नाही. एक बर्थ म्हणजे एक तिकीट नव्हे. तोच बर्थ मुंबई ते पुणे एकाला, पुणे ते सोलापूर दुसऱ्याला विकता येतो. त्यावर स्थानकनिहाय कोटा, आरएसी, प्रतीक्षा यादी, रद्द तिकिटे. खरी मेख वेगळीच आहे. एकाच क्षणी दोन खिडक्यांवरचे कारकून एकाच गाडीत ‘उपलब्ध १’ पाहतात आणि दोघेही बटण दाबतात. बर्थ कुणाला? यासाठी यंत्रणेला एका कारकुनासाठी ती नोंद काही क्षण कुलूपबंद करावी लागते, दुसऱ्याला थांबवावे लागते, आणि मध्येच वीज गेली तर अर्धवट झालेला व्यवहार पुसून मूळ स्थितीला यावे लागते. यूपीआयने पैसे पाठवताना ‘पेंडिंग’ दिसते, त्याच्या मुळाशीही अर्धवट व्यवहार हाताळण्याचाच प्रश्न असतो.

१९८५ मध्ये नवी दिल्लीत ‘इम्प्रेस’ नावाने प्रायोगिक प्रणाली सुरू झाली. ती तयार केली सीएमसीने आणि ती चालत होती डेकच्या व्हॅक्स-११/७५० या मिनीकॉम्प्युटरवर. व्हॅक्स मालिका १९७७ मध्ये आली होती. तिच्यासाठी लिहिलेली ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे व्हीएमएस. आतल्या खोलीत व्हॅक्स, बाहेर खिडक्यांवर त्याला जोडलेले टर्मिनल, ज्यात स्वतःची बुद्धी जवळजवळ नाही, फक्त पडदा आणि कीबोर्ड. कुठल्याही खिडकीवर कुठल्याही गाडीचे तिकीट मिळू लागले. रांगेतल्या माणसासाठी हीच क्रांती होती. १९८० चे दशक संपेपर्यंत मुंबई, कोलकाता, चेन्नईतही संगणकीय आरक्षण आले.

मात्र ही केंद्रे सुरुवातीला एकमेकांशी बोलत नव्हती. परतीचे तिकीट इथूनच काढण्याची सोय खऱ्या अर्थाने देशभर झाली ती ‘कन्सर्ट’ या पुढच्या प्रणालीमुळे. रेल्वेच्याच ‘क्रिस’ या संस्थेने ती तयार केली आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस सगळी केंद्रे जोडली. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली ती जानेवारी १९९८ मध्ये; २००२ मध्ये आयआरसीटीसीवरून इंटरनेट तिकीट मिळू लागले. या सगळ्या काळात आतली यंत्रे बदलत गेली, व्हॅक्स जाऊन त्याच घराण्यातली नवी आली, पण व्हीएमएस टिकून राहिली. १९९० च्या दशकात तिच्या नावाला ‘ओपन’ जोडले गेले, एवढेच.

जाता जाता एक गंमत. संगणक वेळ मोजतो ती कुठल्या तरी ठरावीक क्षणापासून. युनिक्सवाले १ जानेवारी १९७० पासून मोजतात. व्हीएमएस मोजते १७ नोव्हेंबर १८५८ पासून, कारण खगोलशास्त्रज्ञांची एक दिनगणना तिथून सुरू होते. मुंबईत राणीचा जाहीरनामा वाचला गेल्याला तेव्हा पंधरवडा झाला होता!

मग हे यंत्र गेले कुठे?

१९८१ मध्ये आयबीएम पीसी आला. सुरुवातीला मिनीकॉम्प्युटर कंपन्यांनी त्याला खेळणे समजले. चिप दर दोन-तीन वर्षांनी वेगवान होत गेली आणि कपाटाचे काम टेबलावरचा डबा करू लागला. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आयबीएमखालोखाल मोठी असलेली, लाखावर कर्मचारी असलेली डेक १९९८ मध्ये ९६० कोटी डॉलरना विकली गेली, आणि विकत घेणारी होती पीसी बनवणारी कॉम्पॅक. डेटा जनरल १९९९ मध्ये ईएमसीत विलीन झाली. भारतात १९८४ च्या नव्या संगणक धोरणाने आयातीचा फास सैल केला आणि देशी मिनीकॉम्प्युटरचा छोटा मोसमही संपला.

यंत्र गेले, पण त्यावर लिहिलेले गेले नाही. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये युनिक्स सुरू केली ती डेकच्या पीडीपी-७ वर. मग पीडीपी-११ वर ती वाढली, सी ही भाषाही तिथेच घडली. आयफोनची ऑपरेटिंग सिस्टीम युनिक्सच्या वंशातली, आणि अँड्रॉइडच्या पोटातले लिनक्स युनिक्सच्या नमुन्यावर बांधलेले. तिकडे व्हीएमएसचे एक प्रमुख शिल्पकार डेव्ह कटलर १९८८ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि त्यांनी विंडोज एनटी बांधली. आजची विंडोज तिचीच पुढची पिढी. हा लेख तुम्ही कशावरही वाचत असलात, तरी त्यात मिनीकॉम्प्युटरचा अंश आहे.

काही ठिकाणी तर मूळ यंत्रेही अजून कामावर आहेत. कॅनडातल्या अणुवीज केंद्रांमधली पीडीपी-११ यंत्रे २०५० पर्यंत चालू ठेवायची म्हणून त्यांची भाषा जाणणारे प्रोग्रॅमर हवे असल्याची जाहिरात जीई कॅनडाच्या वतीने २०१३ मध्ये आली होती. चालणारी गोष्ट बदलण्यातला धोका अणुभट्टीवाल्यांना इतरांपेक्षा जास्त कळतो.

रेल्वे का बदलते आहे?

मग रेल्वेनेही जुनेच का चालवू नये? कारण खालचे लोखंड संपले. इंटेलने आयटेनियम चिप पुरवणे २०२१ मध्ये बंद केले. सुटे भाग मिळणे अवघड होत जाणार आणि व्हीएमएस जाणणारे अभियंते दरवर्षी निवृत्त होत आहेत. कॉलेजांत ती शिकवली जात नाही. शिवाय ही प्रणाली खिडकीवरच्या कारकुनांसाठी जन्मली होती. कारकून हजारांत मोजता येतात, सकाळी आठला एकाच वेळी बटण दाबणारे मोबाइल नाही. नव्या प्रणालीची तिकिटे देण्याची क्षमता सध्याच्या सुमारे चौपट असेल, असे रेल्वेचे म्हणणे आहे.

याचा अर्थ गणपतीच्या गाडीचे तिकीट चौपट सहज मिळेल, असा कुणी काढू नये. आठ वाजून एक मिनिटाने ‘वेटिंग’ दिसते तेव्हा बिचाऱ्या सर्व्हरचा दोष थोडा असतो. गाडीतले बर्थ तेवढेच असतात. नवी प्रणाली पान अडकण्याचा, पैसे कापून तिकीट न मिळण्याचा त्रास कमी करू शकते. बर्थ वाढवण्यासाठी डबे आणि रूळ लागतात. बदल करताना सगळ्यात नाजूक भाग राहील तो १९८५ पासूनचाच : एक बर्थ, दोन खिडक्या. फक्त आता खिडक्या लाखो आहेत, आणि त्यातली एखादी मांडव्याहून निघालेल्या बोटीत, नेटवर्क येत-जात असताना उघडलेली असते.